लेकीशी न बोलायची बोली

पुणे, १४ जून १९८६

काकू,

पाया पडते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, एवढ्या लांबून हात कसा पोचतो. तेव्हा नुसताच नमस्कार.

तुझा रामकिसन कामासाठी इकडे आला होता, त्याच्याबरोबर एक टेपरेकॉर्डर पाठवते आहे. घाबरू नकोस, विकायला नाही, तुझ्या कामाचा आहे. म्हणजे माझ्या. कॉलेजात मी भाषाशास्त्र शिकवते ते तुला माहीत आहे, आणि ते ऐकून तू "बोलायला काय शिकवायचं असतं?" असं विचारलं होतंस तेही माझ्या लक्षात आहे. तर आता मला आपल्या डेरेगल्लीतल्या बोलीवर लिहायचं आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबा तेलंगणातून निजामाच्या फौजेचे तंबू शिवत जालन्याला आले. त्यांनी पुढे सुना केल्या त्या मंठ्याच्या, अंबडच्या. सासू तेलुगू, सून मराठी, बाजार दखनीचा. चुलीपुढे या तिघींची मिसळ होऊन जे तयार झालं, त्याला तुम्ही "आतली" म्हणता. या बोलीवर आजवर कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

तू आणि आई स्वयंपाकघरात आतली बोलायच्या ते मला चांगलं आठवतं. मी घागर घेऊन दारात आले की दोघी लगेच मराठीवर यायच्या. आई गेली, मग तू मला वाढवलंस, पण माझ्याशी कधी आतलीचा एक शब्द बोलली नाहीस. आता तरी बोल. तू आणि समोरच्या घरची तुझी जाऊ दुर्गाबाई यंत्रासमोर बसा आणि रोजच्यासारख्या गप्पा मारा, एवढंच काम आहे.

तुझी
अन्नपूर्णा

जुना जालना, ९ ऑगस्ट १९८६

चि. अन्नूस आशीर्वाद, आणि पुण्याच्या पावसात सर्दी करून घेऊ नये म्हणून वर थोडा दम.

तुझा टेप पोचला. खाटेवर चादर अंथरून त्याला बसवलं. धूळ बसू नये म्हणून वरून माझा रेशमी रुमाल. गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. दुर्गाबाई दारातच थबकली आणि म्हणाली, "चतुराबाई, हे आत्ता ऐकून राह्यलंय का?" मी म्हटलं, लाल दिवा लागला की ऐकतं. मग तिने पदर नीट केला.

तू सांगितल्यासारखं दोन्ही बाजू भरून बोललो. कॅसेट रामकिसनबरोबर पाठवते आहे. दुर्गाबाईने शेवटी एक भजनही म्हटलं आहे, तिचा आवाज तरुणपणी गोड होता. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे, ती यंत्राला देऊ नये.

तुझी काकू

पुणे, २ सप्टेंबर १९८६

काकू,

कॅसेट ऐकली. पुन्हा ऐकली. चटणी संपली, पण आतलीचा एक शब्द सापडला नाही.

तुम्ही दोघी चक्क आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलला आहात. "यंदा कपाशी समाधानकारक आहे." दुर्गाबाई कुणाला तरी "आपण चहा घ्यावा" असं म्हणते, आणि खोलीत तुमच्याशिवाय कुणी नाही. काकू, तिने टेपरेकॉर्डरला चहा विचारला.

मला वाटतं तुम्हाला लाज वाटते. मिसळीची बोली म्हणजे बिघडलेली बोली, चारचौघांत बोलू नये, असं कुणीतरी तुमच्या मनात भरवलं आहे. कुठलीही भाषा हलकी नसते, काकू. मी हेच रोज वर्गात सांगते आणि माझ्याच घरची माणसं तोंड मिटून बसतात, याचं मला फार वाईट वाटलं. जरा मोकळ्या व्हा.

अन्नपूर्णा

जुना जालना, २१ फेब्रुवारी १९८७

अन्नपूर्णास,

दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी पत्र टाकलं नाही. का ते तुला कळलं असेल. नसेल तर सांगते. राग आला होता.

लाज कसली गं? चुलीपुढं बसून मी आणि तुझी आई जे बोललो तसं बोलणं पुण्यात कुणाला जमायचं नाही. तू उंटावरून शेळ्या हाकतेस आणि वर म्हणतेस, शेळ्या मोकळ्या व्हा.

ऐक आता. तो टेप तू पाठवलास. म्हणजे तो लेकीकडून आलेला पाहुणा. लेकीकडचा पाहुणा म्हणजे जावयाच्या मानाचा. तू तर लग्न केलं नाहीस, मग गल्लीतल्या बायका म्हणाल्या, चला, हाच जावई. जावयासमोर आतली बोलत नाहीत. त्याला चहा विचारतात. दुर्गाबाईचं काही चुकलं नाही.

आणि तुझ्याशी का बोलले नाही, तर तू लेक आहेस म्हणून. आतली ही बाहेरून आलेल्यांची. सासू सुनेशी बोलते, जाऊ जावेशी, विहीण विहिणीशी. दुसऱ्याचं घर सोडून जी इथं आली तिला मिळते. जी इथंच जन्मली आणि उद्या उठून दुसऱ्या घरी जाणार तिला देत नाहीत. हे तुला कुणी सांगितलं नाही कारण हेही लेकीला सांगत नाहीत. आज मी सांगितलं, पण मराठीत सांगितलं.

काकू

पुणे, ५ मार्च १९८७

काकू,

तुझं पत्र आल्यावर मी वर्गात गेले आणि काय शिकवायचं तेच विसरले. इतकी वर्षं हे मला कळू नये, आणि मी म्हणे भाषाशास्त्र शिकवते. रागावलीस ते बरोबरच होतं.

एक मात्र विचारते. मी दारात आले की तुम्ही थांबायच्या. मला नेहमी वाटायचं, बोलणं माझ्याबद्दलच चाललं होतं. मी काळी, मला स्वयंपाक येत नाही, हिचं लग्न कसं व्हायचं, असलं काहीतरी. खूप लहान होते, पण ते मनात राहून गेलं. खरंच माझ्याबद्दल असायचं का? शब्द सांगू नकोस, नियम मोडू नकोस. हो की नाही एवढंच सांग.

अन्नू

जुना जालना, ३० मार्च १९८७

माझ्या वेड्या लेकीला खूप खूप आशीर्वाद.

हो. तुझ्याबद्दलच असायचं.

तुझी आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "ही पिल्ल बंगारं हाय. चूडू नको तिच्याकडं, नजर लगेगी." ही पोर सोनं आहे, तिच्याकडे बघत राहू नकोस, दृष्ट लागेल. तेवढ्यात तू घागर घेऊन आलीस आणि ती एकदम ओरडली, "पाणी सांडलंस का गं सगळीकडं?" लेकीचं कौतुक लेकीच्या तोंडावर करायचं नाही, अशी आमची रीत. मराठीत लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडं उलटं. बोलायचं सुनेशी आणि असायचं लेकीबद्दल.

तुझ्या आईचे शब्द मी फक्त लिहून कळवले. मी तुझ्याशी बोलले असं समजू नकोस. गेलेल्या माणसाचा निरोप पोचवायला रीत आड येत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

तुझी काकू

पुणे, ८ एप्रिल १९८७

काकू,

पत्र उशीखाली ठेवलं आहे. यावर मी काही लिहिणार नाही, निबंध तर नाहीच. ते वाक्य माझं आहे.

अन्नू

जुना जालना, ११ नोव्हेंबर १९९२

चि. अन्नूस,

तुझी पत्रं वेळेवर येतात, माझीच उत्तरं उशिरा जातात. हात दुखतो हे खरं कारण, आणि लिहायला नवीन काही नाही हे त्याहून खरं.

दुर्गाबाई नांदेडला लेकाकडे कायमची राहायला गेली. जाताना रिक्षात बसली आणि ओरडून मला आतलीत असं काही बोलली की रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. ते लिहिण्यासारखं नाही. पण ती गेल्यापासून माझ्याशी आतलीत बोलणारं गल्लीत कुणी राहिलं नाही. बाकीच्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. आमची उषा सून म्हणून गुणाची आहे, पण रामकिसनबरोबर औरंगाबादला असते, सणाला येते, पाव्हण्यासारखी राहते आणि मला मम्मी म्हणते. मम्मीशी कुणी भांडतं का? आणि भांडल्याशिवाय आतली कशी यायची?

परवा वांगी चिरत होते आणि वांग्याला आतलीत काय म्हणायचं तेच आठवेना. दुपारभर आठवत बसले. संध्याकाळी आठवलं, पण म्हणून दाखवायला कोण? मांजराशी बोलून बघितलं. मग ध्यानात आलं, मांजरही याच घरात जन्मलेलं. तीही लेकच.

मी हसत लिहिते आहे, तूही हसत वाच. पण अन्नू, ही माझ्याबरोबर जाणार, आणि ते मला बरं वाटत नाही.

काकू

पुणे, २० नोव्हेंबर १९९२

काकू,

हसले आणि मग जेवले नाही. तू मला शिकव म्हणून किती वेळा जिभेवर येतं, पण तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. निदान विसरायच्या आत कागदावर उतरवून ठेव. मला पाठवू नकोस. डब्यात ठेव.

अन्नू

जुना जालना, २ डिसेंबर १९९२

अन्नू,

लिहायला बसले होते. कोऱ्या कागदाशी भांडता येत नाही. कागद उलटून बोलत नाही, आणि पुढचं माणूस उलटून बोलल्याशिवाय माझ्या तोंडात दुसरं वाक्य येत नाही. त्या कागदावर मग दुधाचा हिशेब लिहिला.

काकू

जुना जालना, २३ मे १९९४

चि. अन्नूस घाईघाईत आशीर्वाद, कारण आज सांगण्यासारखं फार आहे.

मागच्या खोलीत आता एक कुटुंब भाड्याने राहतं. मंठ्याकडचं. बाप बियाण्याच्या कंपनीत कामाला. त्यांची पोरगी बेबीनंदा, नऊ-दहा वर्षांची, तिच्या जिभेला हाड नाही. सुट्टीत गल्लीतल्या भाडेकरूंच्या पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. बाहुली बेबीनंदाची. बाहुला दुसऱ्या पोरीचा होता, पण ती लाजून पळाली. मग म्हणाल्या, काकूआजी, तुम्ही वरमाई व्हा. मी म्हटलं, होते. पोरींचं मन मोडू नये.

नवरी घेऊन ही बया ओट्यावर आली, कमरेवर हात ठेवला आणि मला म्हणते, "विहीणबाई, मघापासून उभी हाय, पाय धुवायला पाणी द्याची रीत हाय का न्हाई तुमच्यात?"

अन्नू, मी ठरवून काही केलं नाही. विहीण दारात येऊन वाकडं बोलली आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "इट्रा गे, नीळ्ळू पायजे का तुला? पाय हायत का डेऱ्याच्या खुंट्या? चूडून राह्यली बघा कशी." इकडं ये, पाणी पाहिजे का तुला, पाय आहेत की तंबूच्या खुंट्या, बघते कशी बघा. पुढचं तर माझ्या सासूचं माझ्या आईला बोललेलं होतं, जसंच्या तसं बाहेर आलं. मला वाटलं पोरगी रडणार. ती माझ्याकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "हे काय होतं? परत म्हणा."

दुसऱ्या दिवशी त्याच बाहुलीचं परत लग्न. तिसऱ्या दिवशी परत. आता पोरी रोज लग्न काढतात ते फक्त शिव्या खायला. आणि नुसत्या खात नाहीत. बेबीनंदाला मी म्हटलं, "तुझी बाहुली बोडकी." तर ती म्हणाली, "तुझा बाहुला कुक्क." म्हणजे कुत्रा. हा शब्द मी तिला एकदाच बोलले होते, तिने जपून ठेवला होता. मला इतका आनंद झाला की मी तिला गूळ दिला, आणि मग विहिणीला गूळ दिला म्हणून बाकीच्या पोरी भांडल्या.

वांग्याचाही शब्द मी त्यांना बोलून टाकला. आता विसरले तरी चालेल.

तुझी काकू

पुणे, १ जून १९९४

काकू,

मी खोलीभर नाचले असं लिहिलं तर खालच्या मजल्यावरचे घरमालक साक्ष देतील.

भाषा कशा वाचवायच्या यावर मी सभांमधून किती भाषणं ऐकली आहेत. वर्ग काढा, पुस्तकं छापा. बाहुल्यांचं लग्न लावा, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. बोली बाहेरून आलेल्यांची, आणि तू बाहेरून आलेल्या पोरींना रीतसर विहिणी करून घेतलंस.

मग मला एक सुचलं आहे, आणि मी हट्ट धरणार आहे. मीही एक बाहुली करते. तुझ्या बाहुल्याला देते. म्हणजे मी तुझी विहीण. मग तुला माझ्याशी आतली बोलावीच लागेल. मी चाळिशी ओलांडली, काकू. त्या बोलीत मला उद्देशून एक वाक्य कुणी बोलावं, एवढंच मला हवं आहे. शिवी असली तरी चालेल. शिवीच असू दे.

तुझी होणारी विहीण,
अन्नपूर्णा

जुना जालना, १९ जून १९९४

अन्नू,

तुझं पत्र कितीदा वाचलं. बाहुली करू नकोस.

विहीण घरी आली की बाहेर ओट्यावर बसते. तिला पाट मिळतो, मान मिळतो, आहेर मिळतो आणि दिवस मावळायच्या आत ती आपल्या घरी जाते. चुलीपाशी येत नाही. लेक येते ती चपला कुठंही टाकते, सरळ आत जाते, डब्याचं झाकण काढते आणि उभ्या उभ्या खाते. तू तशी येतेस. आजही तशीच येतेस.

तुझी आई जाताना तुला माझ्या ओटीत घालून गेली. तुला दुसरं माहेर नाही. खेळात का होईना, तुला विहीण केली आणि त्या बोलीत तुझ्याशी बोलायला लागले की माझ्या मनात तू बाहेरून आलेली होशील. पोरींचा खेळ असेल. माझी जीभ खेळ समजत नाही. एका बोलीपायी मी तुझं माहेर मोडू का?

पण तू मोठी आहेस, शिकलेली आहेस. यंदा दिवाळीला ये. कोण होऊन यायचं ते तू ठरव आणि कळव. विहीण म्हणालीस तर पाट मांडून ठेवीन.

काकू

पुणे, २७ जून १९९४

काकू,

पाट मांडू नकोस. लेक येते आहे. डबे भरून ठेव.

अन्नू

पुणे, १४ नोव्हेंबर १९९४

काकू,

सुखरूप पोचले. चकल्यांचा डबा बसमध्येच अर्धा झाला, शेजारच्या बाईंनी मदत केली.

बाहुलीचं लग्न माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही सगळ्या बाहेर ओट्यावर, आणि लेक म्हणून मी आत वऱ्हाडाच्या पुऱ्या लाटायला. टेप मी बेबीनंदाच्या हातात दिला होता आणि बजावलं होतं की हा पाहुणा नाही, हा तुझ्याकडचा वाजंत्रीवाला आहे. त्यामुळे या वेळी त्याला कुणी चहा विचारला नाही. कॅसेट उत्तम झाली आहे. पोरी तुला उलटून बोलतात, चुकतात, तू त्यांना शिवी देऊन दुरुस्त करतेस आणि त्या तीच शिवी सुधारून परत देतात. आमच्या विभागातल्या सगळ्यांनी ऐकली. शब्द कळले नाहीत तरी सगळे हसले. आता यावर मी मनापासून लिहीन, आणि तुझं व पोरींचं नाव पहिल्या पानावर घालीन.

तुझ्यापासून लपवत नाही. पुऱ्या लाटताना मला रडू आलं. दाराच्या त्या बाजूला तुम्ही एवढ्या हसत होता, आणि मी पुन्हा दाराच्या या बाजूला, लहानपणी होते तशी. मग तू आत आलीस, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलंस आणि मराठीत म्हणालीस, "सरक, पुरी फुगत न्हाई ती." तेव्हा बरं वाटलं. लेक होऊन आले ते योग्यच झालं, त्याबद्दल मनात काही नाही. फक्त ते वाक्य मला मिळणार नाही हे आता मान्य करून टाकलं आहे. तुला वाईट वाटून घ्यायचं नाही.

तुझी
अन्नू

जुना जालना, ४ डिसेंबर १९९४

अन्नपूर्णा विहीणबाईंना बेबीनंदाचा नमस्कार.

पत्र मी लिहून राह्यले. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मला बसवलं.

तुमचं पत्र मी पण वाचलं. काल आम्ही परत लग्न लावलं. या वेळी बाहुला माझा. नवरीची आई म्हणून तुमचं नाव लावलं, तुम्हाला विचारलं न्हाई. तुम्ही आल्या नव्हत्या, तर तुमच्या जागी पाटावर तांब्या ठेवला. म्हणजे आता तुम्ही माझ्या विहीण झाल्या. काकूआजीच्या न्हाई झाल्या, फक्त माझ्या. मी मंठ्याची आहे, तुमचं माहेर माझ्या घरी न्हाई, म्हणून मला चालतं. हे मी काकूआजीला सांगितलं तर त्यांनी वांगी चिरायची थांबवली. मंग म्हणाल्या, कागद आण.

तर विहीणबाई, तुम्हाला सांगते:

"अन्नपूर्णे, इट्रा गे. तुझ्या पुऱ्या तिन्नल्या. पुरी का रायी? कुक्कपण वद्दू म्हणून राह्यलं. पुण्याला इतकं शिकून तू काय चूडली?"

अर्थ तुम्हाला येणार न्हाई, म्हणून लिहिते. अन्नपूर्णे, इकडं ये. तुझ्या पुऱ्या खाल्ल्या. पुरी होती का दगड? कुत्रंसुद्धा नको म्हणतंय. पुण्याला इतकं शिकून तू काय बघितलंस?

हे मी बोलले आहे. काकूआजी तुमच्याशी बोलल्या न्हाईत, त्यांनी तसं लिहायला सांगितलं आहे. त्या भिंतीकडं तोंड करून बोलल्या आणि मी ऐकून लिहिलं. भिंतीशी बोलायला काही रीत लागत न्हाई. बोलताना त्यांनी दोनदा डोळे पुसले, ते लिहू नको म्हणाल्या.

उत्तर आतलीतच पाहिजे. चुकलं तरी चालतं, चुकलं की अजून एक शिवी मिळते. पत्र माझ्या नावानं टाका, काकूआजीच्या न्हाई. त्या म्हणतात, विहिणींचं बोलणं मी कशाला वाचू. पण पोस्टमन किती वाजता येतो ते त्यांनी आजच विचारून घेतलं, आणि चष्मा पुसून ठेवला आहे.

तुमची विहीण,
बेबीनंदा